घरात पाळीव कासव असेल तर: हात, पाणी आणि टाकी यांची स्वच्छता कशी ठेवावी

ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारी, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली हिरवी पिल्लं म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातली ही कासवं आता आपल्याकडे कितीतरी फ्लॅटमध्ये आहेत. दुकानदार पिल्लासोबत खाद्याची डबी देतो, कधी प्लास्टिकचं छोटं बेट देतो. पण टाकीचं पाणी कुठे ओतायचं आणि त्यानंतर हात कसे धुवायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही. घरातल्या माणसांच्या तब्येतीच्या दृष्टीने तेच आधी कळायला हवं.

कारण आहे साल्मोनेला. कासव, इग्वाना, गेको, साप अशा सगळ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात हे जिवाणू सहज राहतात. प्राणी आजारी नसतो. तो खातो, पोहतो, उन्हात पाय ताणून बसतो, आणि अधूनमधून त्याच्या विष्ठेतून जिवाणू बाहेर पडत राहतात. ‘अधूनमधून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकदा तपासणी करून काही सापडलं नाही, तरी कासव साल्मोनेलामुक्त आहे असं म्हणता येत नाही. प्रतिजैविकं देऊनही ते मुक्त होत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होण्याचा धोका वाढतो. ‘टाकीतले सगळे जंतू मारतं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या थेंबांवरही विसंबू नका.

विष्ठा पाण्यात जाते. पाण्यातून ती कवचावर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर, टाकीच्या काठावर आणि तिथून तुमच्या बोटांवर येते. पाणी काचेसारखं नितळ दिसत असलं तरी हे चालूच असतं. म्हणजे कासव निर्जंतुक करणं आपल्या हातात नाही. त्याची घाण स्वयंपाकघरापर्यंत आणि तोंडापर्यंत जाते ती वाट अडवणं मात्र आपल्या हातात आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

## १. आणण्याआधी घरातली माणसं मोजा

घरात ५ वर्षांखालचं मूल असेल, ६५ च्या पुढचे आजी-आजोबा असतील, किंवा कोणाची केमोथेरपी, अवयवरोपणानंतरची औषधं, दीर्घकाळची स्टिरॉइड्स असं काही चालू असेल, तर सध्या कासव आणू नका. मोठ्या, धडधाकट माणसाला साल्मोनेलाने काही दिवस जुलाब-ताप होतो आणि तो बरा होतो. तान्ह्या बाळात मात्र हे जिवाणू रक्तात उतरू शकतात, मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतात. बाळाने कासवाला हातही लावायची गरज नसते. टाकी साफ करून बाबांनी तसंच बाळाला उचललं, किंवा दुधाची बाटली कासवाचा टब धुतलेल्या सिंकमध्ये धुतली, एवढंही पुरतं.

अमेरिकेने १९७५ साली ४ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १० सेंटिमीटरपेक्षा, लहान कवचाच्या कासवांची विक्री याच कारणाने बंद केली. लहान मुलं ती मुठीत धरत, तोंडात घालत आणि आजारी पडत. आपल्या दुकानांतली पिल्लं नेमकी त्याच मापाची असतात, हे लक्षात ठेवा.

कासव आधीच घरात आहे आणि आता बाळ येणार आहे, असं असेल तर निदान एवढं करा: टाकी बाळाच्या खोलीतून आणि स्वयंपाकघराजवळून हलवा, आणि साफसफाई एकाच मोठ्या माणसाकडे द्या. गरोदर बाईंकडे ते काम नको. बाळाला भरवणाऱ्या माणसाकडेही नको.

कायद्याचं थोडक्यात. स्टार कासव आणि तळ्यातली आपली देशी कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ‘वास्तूसाठी चांगलं’ म्हणून कोणी आणून दिलं तरी ते घरी ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथन, हिरवा इग्वाना यांसारख्या परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. खरेदीची पावती, नोंदणीचा कागद आणि पशुवैद्यांच्या नोंदी एका फोल्डरमध्ये ठेवा.

## २. टाकीची जागा

टाकी स्वयंपाकघरात नको, जेवणाच्या टेबलाजवळ नको, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरशेजारी नको. देवघरातही नको. शुभ म्हणून देवघरातल्या तांब्याच्या पात्रात पिल्लू ठेवलेलं काही घरांत दिसतं. त्याच हातांनी पुढे तीर्थ-प्रसाद दिला जातो, आणि उथळ पात्रात कासवाचेही हाल होतात.

बाथरूम किंवा बाल्कनीतली मोरी जवळ असेल अशी जागा निवडा. भरलेली बादली घेऊन जितकं कमी चालाल, तितकं कमी सांडेल. टाकीखाली धुता येईल असा रबरी पायपुसणा घाला, गालिचा नको.

कासवाला घरभर फिरायला सोडू नका. आपल्याकडे जमिनीवर बसून जेवतात, बाळं रांगतात, पापड वाळत घालतात. फिरवायचंच असेल तर एक कोपरा ठरवा, तिथे जुनी चादर घाला आणि नंतर फरशी साबणाने पुसा. चादर वेगळी, गरम पाण्यात धुवा.

## ३. वेगळं सामान

पुढचं सगळं फक्त कासवाचं. त्यावर ऑइल पेंटने किंवा मार्करने ‘कासव’ असं लिहा, किंवा सगळं एकाच रंगाचं घ्या:

- १५ ते २० लिटरची बादली आणि एक मग
- कासवाला ठेवायला टब. खाद्यासाठी दुसरा, छोटा
- हातपंप असलेला सायफन, म्हणजे टाकीतलं पाणी उपसायची नळी
- जाळी आणि प्लास्टिकचा लांब चिमटा
- लांब दांड्याचा ब्रश आणि घासणी
- रबरी हातमोजे, जुना टी-शर्ट
- दोन फडकी: एक टाकीचं, एक फरशीचं
- पंपाच्या बाटलीतला साधा हात धुण्याचा साबण
- कागदी नॅपकिन
- ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच आणि मापाचं झाकण. खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकणही चालतं
- झाकणाचा कचऱ्याचा डबा

सगळं सामान मोरीच्या एका कोपऱ्यात राहू दे. घरातल्या इतरांना सांगा की ही बादली अंघोळीला घ्यायची नाही आणि या घासणीने कढई घासायची नाही. गडबड होते ती पाहुणे आले की, किंवा घरकामाला नवीन ताई आल्या की. त्यांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. टाकीजवळचं पाणी पुसलेलं फडकं पुढे स्वयंपाकघराच्या फरशीवर फिरणं ही सगळ्यात नकळत होणारी चूक आहे. टाकी साफ करण्याचं काम त्यांच्यावर ढकलू नका. त्यांच्याही घरी लहान मूल असू शकतं, आणि धोका माहीत नसताना तो पत्करायला लावणं बरोबर नाही.

## ४. हात धुणं

कासवाला, त्याच्या पाण्याला, खाद्याला, दगडांना किंवा टाकीच्या बाहेरच्या काचेला हात लागला, की लगेच हात धुवायचे. ‘आधी हे एवढं आवरतो, मग धुतो’ म्हणताना मोबाइल, फ्रिजचं हँडल, दाराची कडी या सगळ्यांना हात लागून जातो.

१. टाकीला हात लावण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. नखं कापलेली असू द्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

२. नळ कोपराने उघडता येत असेल तर तसा उघडा. फिरकीचा नळ असेल तर घाण हात लागणारच, तेव्हा शेवटी नळही धुवायचा आहे हे लक्षात ठेवा.

३. हात भिजवा. पाणी गार असलं तरी चालतं, गरमच हवं असं नाही.

४. साबण घ्या आणि किमान २० सेकंद घासा. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, दोन्ही अंगठे, मग बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर उभी धरून नखांखाली, शेवटी मनगट. अंगठे आणि नखं हमखास राहतात, आणि कासव धरताना नेमके अंगठेच त्याच्या पोटाखाली असतात.

५. वाहत्या पाण्याखाली धुवा. त्याच साबणाच्या हाताने नळाची मूठ चोळा आणि तिच्यावर पाणी सोडा.

६. कागदी नॅपकिनने किंवा फक्त या कामासाठी ठेवलेल्या, रोज बदलल्या जाणाऱ्या नॅपकिनने पुसा. खांद्यावरचा पंचा नको, ओढणी नको, स्वयंपाकघरातलं हातपुसणं तर नकोच.

पाणी नसेल तेव्हा. पाणीकपातीच्या दिवसांत बादलीत हात बुडवून धुतले की पूर्ण बादलीच दूषित होते. दुसऱ्या कोणाला तरी मगाने हातावर धार धरायला सांगा. घरी कोणी नसेल तर तोटीचा पाण्याचा कॅन आधीच भरून ठेवा.

सॅनिटायझर. किमान ६० टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर अडचणीच्या वेळी उपयोगी आहे, पण हात ओलसर, चिकट किंवा शेवाळलेले असतील तर तो नीट काम करत नाही. टाकीतून काढलेले हात बहुधा तसेच असतात. तो लावला तरी पाणी मिळताच साबणाने हात धुवा. ‘अँटिबॅक्टेरियल’ लिहिलेला महाग साबण घ्यायची गरज नाही. फरक पडतो तो घासण्याने आणि वेळेने.

हातमोजे घातले म्हणून धुणं टळत नाही. मोजे काढताना बाहेरची बाजू हाताला लागतेच.

कासवाला हात लावण्याच्या आधीही हात धुवा. बोटांना सुरमईचा किंवा चिकनचा वास असेल तर स्लायडर ते खाद्य समजून चावतं. शिवाय हातावरचं क्रीम, डास पळवणारं मलम त्याच्या पाण्यात जाऊ नये.

## ५. रोजचं काम

खाद्य शक्यतो वेगळ्या टबात द्या. स्लायडर बरेचदा खातानाच किंवा लगेच नंतर विष्ठा करतं, त्यामुळे मुख्य टाकी कमी घाण होते. टबात कवच बुडेल एवढं, टाकीतल्याइतकंच कोमट पाणी घ्या, खाद्य चिमट्याने टाका. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं काढा आणि कासव परत ठेवा. टबातलं पाणी कमोडमध्ये ओता.

कासवाचं खाद्य मसाल्यांच्या फडताळात किंवा फ्रिजमध्ये उघडं ठेवू नका. सुकी कोळंबी, पेलेट्स घट्ट झाकणाच्या डब्यात, टाकीपाशीच ठेवा. त्यासाठी भाजी-मासळी चिरायची असेल तर आधी घरच्यांसाठी लागणारी चिरून झाकून ठेवा, मग कासवाचा वाटा काढा. त्याने टाकलेला तुकडा परत स्वयंपाकघरात आणायचा नाही.

साप पाळणाऱ्यांसाठी जास्तीचं एक: खाद्य म्हणून मिळणाऱ्या गोठवलेल्या उंदरांतही साल्मोनेला असतो आणि गोठवल्याने तो मरत नाही. त्यांना घरच्या फ्रीझरमध्ये ठेवू नका, मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नका.

## ६. आठवड्याचं पाणी बदलणं

सर्वांत जास्त संसर्ग पसरण्याची शक्यता याच कामात असते. घाई नसेल अशा दिवशी करा, आणि लहान मुलं झोपलेली किंवा बाहेर असताना करा.

चांगला फिल्टर असेल तर आठवड्याला पाव ते अर्धं पाणी बदलणं साधारण पुरतं. फिल्टर नसलेल्या छोट्या टबाचं पाणी एक-दोन दिवसांतच बदलावं लागतं.

१. जुना टी-शर्ट, मोजे घाला. फिल्टर, हीटर, दिवा सगळ्यांची वीज बंद करा. हीटर थोडा थंड होऊ द्या, गरम असतानाच पाण्याबाहेर आला तर काच तडकते.

२. कासव टबात ठेवा आणि टब जमिनीवर ठेवा. ओटा, जेवणाचं टेबल, पलंग नको.

३. सायफन हातपंपाने सुरू करा. नळी तोंडाने ओढू नका. माशांची टाकी सांभाळलेल्या माणसांना ही सवय असते, आणि कासवाच्या पाण्याचा एक घोट आजारी पडायला पुरेसा आहे.

४. काढलेलं पाणी कमोडमध्ये, कडेने, शिंतोडे न उडवता ओता. मग झाकण लावून फ्लश करा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. तोंड धुता, ब्रश ठेवता त्या बेसिनमध्येही नाही. हे पाणी झाडांना चांगलं खत आहे हे खरं, पण ते फक्त शोभेच्या कुंड्यांना, तेही मातीलगत घाला. कोथिंबीर, पुदिना, पालक, मिरची, गवती चहा, तुळस यांना अजिबात नको.

५. फिल्टरचा स्पंज बादलीत काढून ठेवलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळा. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पुढच्या आठवड्यात टाकीला वास येतो. स्पंज पिळताना तोंड मिटलेलं ठेवा, चेहरा लांब ठेवा. तो गाळ म्हणजे टाकीतली सगळ्यात गलिच्छ जागा.

६. काचेवरचा आणि दगडांवरचा बुळबुळीत थर ब्रशने घासून काढा. जिवाणू त्या थरात आसरा घेतात.

७. नवीन पाणी क्लोरीन काढणारं द्रावण घालून, टाकीच्याच तापमानाला आणून भरा. स्लायडरला साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस पाणी लागतं. गार पाणी, गर्दी, प्रवास यांमुळे कासवावर ताण येतो आणि ताणाखाली ते जास्त जिवाणू बाहेर टाकतं. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर चालू आहे ना हे पाहणं हीसुद्धा घरच्यांच्या आरोग्याची काळजी आहे.

८. मोरी धुवा, कपडे बदला, हात कोपरापर्यंत धुवा. मगच मुलांना जवळ घ्या.

## ७. जंतुनाशक वापरताना

बादली, टब, ब्रश, मोरीची फरशी यांच्यासाठी महिन्यातून एकदा-दोनदा, आणि घरात कोणी जुलाबांनी आजारी असेल तर प्रत्येक वेळी.

आधी साबणाने घासून धुवा. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच संपून जातं, जंतूंपर्यंत पोचत नाही. मग १ लिटर गार पाण्यात ४-५ टक्क्यांचं ब्लीच ३० मिली घाला. बाटलीवर १० टक्के लिहिलं असेल तर १५ मिली. द्रावणाने वस्तू १० मिनिटं ओली राहू द्या, भरपूर पाण्याने धुवा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा. द्रावण दर वेळी ताजं करा, उरलेलं साठवू नका. बाटलीही उन्हात ठेवू नका, तिची ताकद हळूहळू कमी होत जाते.

इथे तीन गोष्टींपासून सांभाळा:

ब्लीच आणि ॲसिडचं टॉयलेट क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, जो फुप्फुसांना इजा करतो. कमोडमध्ये आधी क्लीनर टाकलेलं असेल तर ते फ्लश करून, भरपूर पाणी ओतून मगच पुढचं काम करा. खिडकी उघडी ठेवा.

फिनाइल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं कासवाच्या टाकीत, टबात किंवा दगडांवर वापरू नका. त्यातली फिनॉल गटातली द्रव्यं सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरू शकतात. टाकीजवळची फरशी पुसायलाही साधं साबणपाणी पुरतं.

कासवाला साबण किंवा ब्लीच लावायचं नाही. कवचावर शेवाळ असेल तर वेगळ्या मऊ ब्रशने, साध्या पाण्याने, हलकेच.

## ८. मुलं आणि पाहुणे

पाच वर्षांवरच्या मुलांनी मोठ्यांच्या नजरेखाली कासवाला हात लावायला हरकत नाही, पण नियम आधी सांगा: पापा घ्यायचा नाही, गालाला लावायचं नाही, हात लावताना खाऊ खायचा नाही. नंतर हात धुताना मोठ्या माणसाने शेजारी उभं राहायचं. ‘धुतले’ म्हणणाऱ्या मुलाचे अंगठे एकदा बघाच.

वाढदिवसाला, गणपतीत घर भरलेलं असताना टाकीवर जाळीचं झाकण लावून ठेवा. आलेली चिल्लीपिल्ली पाण्यात हात घालतात आणि सरळ मोदकांच्या ताटाकडे वळतात.

गावाला जाताना टाकी शेजाऱ्यांवर सोपवत असाल, तर खाद्याच्या वेळांसोबत हात धुण्याचे आणि पाणी ओतण्याचे नियमही कागदावर लिहून टाकीवर चिकटवा. त्यांच्या घरी तान्हं बाळ असेल तर दुसरं कोणी शोधा.

## ९. चावलं, ओरखडलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटं धुवा, जंतुनाशक मलम लावा, झाका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघून डॉक्टरांना विचारा. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे, कासवापासून तो होत नाही. जखम लाल होऊन सुजली, ठणकू लागली किंवा पू झाला तर वाट पाहू नका. हातावर कापलेलं असेल तोपर्यंत टाकीचं काम मोजे घालून, किंवा दुसऱ्या कोणी करावं.

## १०. घरात कोणी आजारी पडलं तर

साल्मोनेलाची लक्षणं साधारण ६ तासांपासून ६ दिवसांत दिसतात: जुलाब, ताप, पोटात कळा. बहुतेकांना ४ ते ७ दिवसांत बरं वाटतं. तोवर ओआरएस, पेज, भरपूर पाणी.

जुलाबात रक्त, १०२ फॅरनहाइटच्या वरचा ताप, तीन दिवस होऊनही उतार नाही, पाणीही पोटात टिकत नाही, लघवी कमी झाली, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. तान्हं बाळ, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी न्या. मेडिकलमधून मनाने प्रतिजैविकं किंवा जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणू नका.

डॉक्टरांना सांगायचं पहिलं वाक्य: ‘आमच्या घरी कासव आहे.’ ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. आपल्याकडे साल्मोनेला म्हटलं की टायफॉइड आणि विडाल चाचणी डोळ्यांसमोर येते. टायफॉइडचा जिवाणू माणसाकडूनच माणसाला होतो, कासवाकडचे प्रकार वेगळे, आणि त्यांचा शोध विडालमधून लागत नाही. त्यासाठी शौचाचं, गरज पडल्यास रक्ताचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघणारी चाचणी, लागतं. प्रतिजैविक सुरू होण्याआधी नमुना दिला तर जिवाणू सापडण्याची शक्यता जास्त असते.

आजारपणाच्या धसक्याने कासव तळ्यात किंवा नदीत सोडू नका. स्लायडर तिथे तगतं, वाढतं आणि देशी कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावतं. सांभाळणं शक्यच नसेल तर तुमच्या पशुवैद्यांना, प्राणी बचाव संस्थेला किंवा वनविभागाला आधी फोन करा. ते घेणार असतील तरच, हवा खेळेल अशा झाकणाच्या डब्यात, ओल्या फडक्यावर ठेवून न्या. डब्यात पाणी भरू नका, प्रवासात ते सांडून गाडीची सीट भिजते. रिकामी झालेली टाकी ब्लीचने धुऊन वाळवल्याशिवाय कोणाला देऊ नका.